डाव्या हाताने दिलेला पेला

पहिल्या दिवशी त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. चित्र दाखवलं.

नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा मी राहायला जागा शोधत होते. वॉर्डातल्या एका मराठी नर्सने पत्ता दिला आणि वर बजावलं, "माणूस सज्जन आहे, पण थोडा सर्किट आहे. हो म्हणायच्या आधी विचार कर." मी दार वाजवलं. ओव्हरकोट, माकडटोपी आणि लोकरी मोजे घातलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी दार उघडलं. मला वाटलं, कुठेतरी बाहेर निघालेत. हा त्यांचा घरात बसायचा पोशाख होता, हे मागाहून कळलं.

त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, समोर तळहाताएवढं एक चित्र ठेवलं आणि हातात भिंग दिलं. जुन्या काळचा एक माणूस आणि एक बाई एका मेजाशी बसली होती. मागे पिंप, पुढे कुत्रा.

"बघ. आणि सांग, ही बाई ह्या माणसाबरोबर सुखात आहे का?"

मी वॉर्डातून तशीच आले होते. दुपारचं जेवण झालं नव्हतं. म्हटलं, "सुखाचं मला माहीत नाही. पण तिला भूक लागलीय. तिचं सगळं लक्ष त्या पावावर आहे."

त्यांनी भिंग माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. मिनिटभर चित्रावर वाकले. "अरेच्चा! पाव मी बघितलाच नव्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोली वर आहे, लॅन्डिंगच्या उजव्या हाताला. हीटिंग सहाला लागतं, आठला बंद होतं. त्यानंतर थंडी वाजली तर ती तुझी जबाबदारी."

अशी मी पास झाले. माझ्या आधी आलेल्या दोघा टेनन्टना त्यांनी नाकारलं होतं. एकाने चित्र न बघताच "व्हेरी नाइस" म्हटलं होतं, आणि दुसऱ्याने भिंग उलटं धरलं होतं.

ते पॅथॉलॉजिस्ट होते. एकतीस वर्षं एकाच हॉस्पिटलात, एकाच खिडकीजवळ, एकाच स्टुलावर बसून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून लोकांचे आजार पाहिले होते. माणूस मात्र एकही पाहिला नव्हता, असं ते स्वतःच सांगायचे. "पेशंट म्हणजे काय, तर काचेवरचा गुलाबी डाग. डागाला नमस्कार-चमत्कार करावे लागत नाहीत. मला तेच बरं वाटायचं." मी त्यांना काका म्हणायचे. गावातल्या मराठी मंडळातली माणसं त्यांना पाठीमागे काय काय म्हणायची, ते सोडून देऊ. त्यांच्याकडे जोडप्यांची चित्रं आहेत एवढं ऐकून मंडळातल्या एक बाई "ह्या वयात हे धंदे?" म्हणाल्या होत्या. मग काहीतरी निमित्त काढून त्या बघायला आल्या, आणि "एवढे कपडे?" म्हणून हिरमुसून परत गेल्या.

चित्रं एकोणचाळीस होती. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची, हॉलंडातली. त्यांना एचिंग म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण निघालंय तिथे आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरायची आणि वर कागद दाबायचा. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. ह्या चित्रांत राजे नाहीत, देव नाहीत. खानावळीत, परसात, चुलीजवळ बसलेली साधी माणसं. आणि काकांच्या संग्रहात फक्त जोडप्यांची. द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेली दोघं, फिडल वाजवणारा तो आणि ऐकणारी ती, बाईच्या खांद्यावर हात टाकून दात काढणारा शेतकरी, शेगडीशी पाय शेकणारी म्हातारा-म्हातारी. एकट्या माणसाचं चित्र त्यांनी कधी विकत घेतलं नाही. "एकटा माणूस बघायला पैसे कशाला घालवायचे?" म्हणायचे.

घरातली सगळ्यात उबदार खोली ह्या चित्रांची. तिथे हवेतला दमटपणा शोषून घेणारं एक यंत्र चोवीस तास घुरघुरत असायचं. हीटिंग कधीही बंद नसायचं. जानेवारीत माझे दात वाजायला लागले की मी "काका, जरा चित्रं बघू का?" म्हणून तिथे जाऊन बसायची. त्यांना वाटायचं, पोरीला कलेची गोडी लागली. खरं सांगायचं तर मी पाय शेकायला जायची. गोडी नंतर लागली.

प्रत्येक गोष्टीला लेबल लावायची त्यांची सवय रिटायर झाल्यावरही गेली नव्हती. फ्रिजमधल्या डब्यावर चिठ्ठी असायची: "नमुना: दुधी भोपळा. मंगळवार. रंगात किंचित बदल. वास सामान्य." मी एकदा खालती लिहिलं, "रुग्ण दगावला", आणि भाजी टाकून दिली. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी त्याच चिठ्ठीवर "निदान मान्य" असं लिहून सही ठोकली होती. पुढे मी साउथहॅम्प्टनला गेले, त्यानंतर कित्येक वर्षं दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. त्याच नॉटिंगहॅमच्या पत्त्यावरून, एकट्याच्या सहीचं.

प्रत्येक चित्राचा त्यांनी रिपोर्ट लिहिला होता. हॉस्पिटलात लिहायचे तसाच, इंग्रजीत टाइप करून. एक माझ्या अजून लक्षात आहे. क्लिनिकल हिस्ट्री: उपलब्ध नाही. नुसत्या डोळ्यांनी: एक पुरुष, एक स्त्री, एक सुरई, एक कुत्रा, झोपलेला. भिंगातून: पुरुषाची बोटं स्त्रीच्या मनगटापासून दोन मिलिमीटरवर थांबली आहेत. स्त्रीने हात काढून घेतलेला नाही. निदान: सौम्य. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

आणि ते खरोखरच सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे! रिपोर्टाच्या खाली तारखा टाकलेल्या होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे "बदल नाही". मला हसू आवरायचं नाही. मग एकदा लक्षात आलं की अशा तारखा सतरा वर्षांच्या होत्या.

सतरा वर्षांपूर्वी काकू मिरजेला गेल्या होत्या. आईच्या आजारपणासाठी, सहा महिन्यांकरता. आई वारल्या, सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची सतरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही, काही नाही. ह्यांनी "ये" म्हटलं नाही आणि त्यांनी "येऊ का" म्हणून विचारलं नाही. दर रविवारी सकाळी साडेदहाला काका मिरजेला फोन लावायचे. मी तेव्हा स्वयंपाकघरात असायची, त्यामुळे एक बाजू पाठ झाली होती.

"जेवलीस?... मी करतोय आता... थंडी? आहे... बीपी? आहे... बरं... बरं, ठेवतो."

मी वरणभाताचा कुकर लावलेला असायचा. तिसरी शिट्टी व्हायच्या आत फोन संपायचा.

मी हसले की मलाच अपराधी वाटायचं. माझा नवरा तेव्हा नाशिकला होता. जमलेली प्रॅक्टिस सोडून तो यायला तयार नव्हता आणि मी नोकरीबरोबर चाललेलं शिक्षण अर्धं टाकून जायला तयार नव्हते. आमचंही फोनवरचं बोलणं हवापाण्यावर यायला लागलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण मला तेव्हा कळतच नव्हतं.

आता डाव्या हाताचं सांगायला हवं. काका चित्रकलेवरचं एकही पुस्तक वाचायचे नाहीत. "स्लाइड बघायच्या आधी हिस्ट्री वाचू नये. वाचलं की जे लिहिलंय तेच दिसतं." त्यामुळे त्यांचे सगळे शोध स्वतःचे होते, आणि सगळ्यात मोठा शोध असा की त्या काळचे डच लोक बहुतेक डावरे होते. फिडलवाला डाव्या हाताने गज धरतो. शेतकरी डाव्या हाताने सुरई ओततो. सैनिकाची तलवार उजव्या कमरेला. इथवर ठीक होतं. पण काका पडले सांगलीकडचे. ताटात डाव्या हाताने वाढलं म्हणून लहानपणी मार खाल्लेले. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये, दिलं तर ते लाभत नाही, हे डोक्यात पक्कं. एरवी देवाला हात न जोडणारा हा माणूस चित्रातल्या जोडप्यांचं भविष्य मात्र हातावरून ठरवायचा. त्याने तिला उजव्या हाताने काही दिलं तर निदान सौम्य. डाव्या हाताने दिलं तर आशा नाही.

एक नंबरच्या चित्रात एक माणूस मेजापलीकडच्या बाईला पेला देत होता. बाई खिडकीबाहेर बघत होती. काकू गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, एका जुन्या सामानाच्या दुकानात काकांना मिळालेलं हे पहिलं चित्र. पेला अर्थात डाव्या हातात.

"हे आमचं," काका एकदा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "मी द्यायचो गं. सगळं द्यायचो. पण देण्यातच काहीतरी चुकत असणार." मग भिंग पुसत म्हणाले, "मला तिच्याबरोबर एकदा परत राहायचं आहे. मरायच्या आधी. पण रिपोर्ट चांगला नाही."

एवढा शिकलेला माणूस, आणि हे असं. मला इतका राग आला होता, आणि इतकं रडूही.

दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयात जुनी एचिंग्ज हातात घेऊन बघता येतात, असं मला कळलं. मीच अपॉइंटमेंट घेतली आणि सुट्टीच्या दिवशी काकांना कोचने घेऊन गेले. तिथे हात धुवावे लागले, पेनं बाहेर ठेवावी लागली. काका खूश झाले. "लॅबसारखं आहे," म्हणाले. तिथल्या एका तरुण मुलीने आमच्यासमोर दोन कागद ठेवले. एक एचिंग: मांडवाखालचं जोडपं, तो तिला फूल देतोय. दुसरं त्याच चित्रकाराने आधी पेनाने काढलेलं रेखाटन. तेच जोडपं, तेच फूल. पण एकात फूल डाव्या हातात आणि दुसऱ्यात उजव्या.

"ह्यातलं एक चुकीचं कॉपी केलंय," काकांनी तिला इंग्रजीत सुनावलं.

ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "नाही सर. पत्र्यावर जे काढतो ते कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. बरेच चित्रकार त्याची फिकीर करायचे नाहीत. म्हणून ह्या चित्रांत सगळे डावरे दिसतात."

 एकतीस वर्षं ज्या माणसाने सूक्ष्मदर्शकातून उलटं दिसणारं जग मनातल्या मनात सुलटं केलं, त्याला घरी आल्यावर हे एवढंसं सुचलं नव्हतं. बाकीचे कागद त्यांनी पाहिलेच नाहीत. आम्ही परतीची कोच धरली. वाटेत चहापाण्यासाठी सर्व्हिसेसला गाडी थांबली, मी चहा आणला, तो गार झाला. गाडी पुन्हा मोटरवेला लागल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तो उजव्या हाताने देतोय."

मी म्हटलं, "हो काका."

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून."

पुढचे तीन दिवस त्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज येत होता. सगळे रिपोर्ट नव्याने लिहिले गेले. चौथ्या दिवशी, बुधवारी, मी ब्रेकफास्ट करत असताना त्यांनी फोन उचलला. "पॅथॉलॉजीत नियम आहे," मला म्हणाले. "निदान बदललं की आधी फोन करायचा. कागद मागाहून." आणि त्यांनी मिरज लावलं. बुधवारी! पलीकडे काकूंची काय अवस्था झाली असेल, ते मला ह्या बाजूवरूनच कळत होतं.

"नाही, नाही, कुणी गेलेलं नाही... नाही, मी बरा आहे... अगं, पडलो वगैरे नाही... ऐक तर. मी येतोय... कुठे म्हणजे? मिरजेला... तुझ्याकडे."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मी चहाचा कप हातात धरून उभी. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"ये म्हणाली." माकडटोपी काढून त्यांनी केसांवरून हात फिरवला. "दारात तीन पायऱ्या आहेत, सांभाळून ये म्हणाली."

मी त्यांना मिठी मारली. त्यांना ते कसं घ्यायचं कळलं नाही, ते फ्रिजला टेकून उभे राहिले.

महिन्याभराने ते गेले. परतीचं तिकीट ओपन, बिनतारखेचं ठेवलं होतं. "लागलं तर असावं. नाही लागलं तर वाया जाऊ दे," असं त्यांनी मला चारदा सांगितलं. नवीन शर्ट घेतले, दाढीचं नवं सामान घेतलं. काकूंसाठी काय न्यावं ह्यावर आम्ही आठ दिवस खल केला आणि शेवटी त्या सतरा वर्षांपूर्वी मागे ठेवून गेलेला त्यांचा करडा कोट ड्रायक्लीन करून नेला. मिरजेच्या उन्हाळ्यात लोकरीचा कोट!  जाताना मला यंत्राबद्दलच्या सूचना दोन पानं लिहून दिल्या. "रिझर्व्हॉयर फुल झाला की रेड लाइट येतो. इग्नोर करू नकोस हं." टॅक्सीत बसेपर्यंत ते यंत्राबद्दलच बोलत होते, आणि चेहरा पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या पोरासारखा.

ते बाविसाव्या दिवशी परत आले.

मी कामावरून आले तर दारात बॅग. काका ओव्हरकोटात, स्वयंपाकघरात बसलेले. उन्हाने काळवंडले होते. "यंत्र छान सांभाळलंस," म्हणाले.  मग त्यांनीच सांगितलं. "तिचं तिथे सगळं बसलंय गं. सकाळचं फिरणं, दुपारी तिच्या मैत्रिणी, संध्याकाळी देवळात. माझी अडचणच व्हायची. फोनवर बोलायचो तेवढं रोज चहा होईपर्यंत बोलून संपायचं. मग दिवसभर मी कुठे बसू, तेच मला कळायचं नाही. शेवटी तिनेच विचारलं, परत कधी निघताय? आता विचारलंच म्हटल्यावर..." एवढं बोलून ते उठले. चित्रांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

काकूंचा मला असा संताप आला! कधी पाहिलेलं नाही, बोललेलं नाही, पण पुढचे दोन दिवस भाजी चिरताना मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. म्हातारा माणूस इतक्या लांबून येतो आणि त्याला तोंडावर विचारायचं, परत कधी निघताय?

मग रविवार आला. सव्वादहाला काका उठले, "दूध संपलंय," म्हणाले आणि बाहेर पडले. दुधाची भरलेली बाटली फ्रिजच्या दारातच होती. साडेदहा वाजले. पावणेअकराला फोन वाजला. आजवर ह्या घरात मिरजेहून फोन कधी आला नव्हता.

"हे आहेत का गं?" आवाज थकलेला, पण मोकळा.

"दूध आणायला गेलेत."

"बरं झालं. जेवतात का नीट?"

मला राहवलं नाही. "काकू, तुम्ही त्यांना परत का पाठवलंत?"

 मग म्हणाल्या, "मी पाठवलं? असं म्हणाले?"

"परत कधी निघताय, असं तुम्ही विचारलंत ना?"

"विचारलं. अगं, वीस दिवस ते बॅगेतून राहिले. सकाळी बॅग उघडायची, शर्ट काढायचा, बॅग बंद करायची. धुतलेले कपडे वाळले की घड्या घालून पुन्हा बॅगेत. मी रोज बघायची, आज तरी बॅग रिकामी करतात का. शेवटी धीर सुटला, म्हणून विचारलं. म्हटलं, म्हणतील, निघतोय कुठला? तर म्हणाले, गुरुवारी."

मी रिसीव्हर ह्या कानाचा त्या कानाला लावला.

"कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते मी," काकू म्हणाल्या. "खाली नवा कागद घातला होता. ते यायच्या आधी."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय, पोरी? कपाट समोर होतं. दिवसभर भिंग लावून बसणारा माणूस, त्याला कपाट दिसू नये?" त्यांनी नाक ओढलं. "कप्पे अजून तसेच आहेत. पण तू बोलू नकोस हं त्यांना. जिवाला लागेल त्यांच्या."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आणि शब्द मोडला. ह्या दोघांनी एकमेकांच्या जिवाला लागू नये म्हणून सतरा वर्षं घालवली होती, आणि माझ्या आणि नवऱ्याच्या संसारातही तेच सुरू झालेलं मला दिसत होतं. काका दूध घेऊन आत आले, तशी मी दारातच उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बॅग, शर्ट, कागद, कप्पे, सगळं.

ते बूटसुद्धा न काढता ऐकत होते. "दुसऱ्याच्या घरातलं कपाट विचारल्याशिवाय कसं उघडायचं?" इतकंच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. मग त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"किती कप्पे म्हणाली?"

"दोन."

"दोन?"

"हो काका. दोन."

ते खुर्चीवर बसले. बुटाची नाडी सोडत म्हणाले, "मी एकच मागणार होतो."